सी सोडून गोमध्ये: गो १.५ च्या कंपायलरचं प्रकरण

ऑगस्ट २०१५ मध्ये गो या प्रोग्रॅमिंग भाषेची १.५ ही आवृत्ती आली. भाषा म्हणून तिच्यात जवळपास काहीच नवं नव्हतं. मॅप (किल्ली-किंमत जोड्यांचा तक्ता) थेट कोडमध्ये लिहिताना किल्लीचा टाइप गाळता येऊ लागला, एवढीच काय ती सवलत. आतला सांगाडा मात्र पार बदलला होता. १.४ पर्यंत सीमध्ये असलेले कंपायलर (सोर्सचा मशिन कोड करणारा) आणि लिंकर (त्या कोडचे तुकडे जोडणारा) आता गोमध्ये होते, असेंब्लर (असेंब्लीचा मशिन कोड करणारा) नव्याने गोमध्ये लिहिला होता आणि रनटाइममधून, म्हणजे प्रत्येक गो प्रोग्रॅमसोबत चालणाऱ्या आधारकोडमधून, सी हद्दपार झालं होतं. उरलं ते थोडं असेंब्ली, आणि सीच्या लायब्रऱ्यांशी जोडणाऱ्या सीगोपुरतं आवश्यक तेवढं सी. सोबतच्या अधिकृत टिपणात एक कबुलीही होती: या आवृत्तीत प्रोग्रॅम बिल्ड व्हायला सुमारे दुप्पट वेळ लागेल.

भाषेचा कंपायलर त्याच भाषेत असावा का, यावर हवेतली मतं भरपूर मिळतात. या प्रकरणात निर्णय कधी घेतला, काम कोणत्या क्रमाने झालं आणि किंमत कोणी, किती वर्षं मोजली हे सगळं उघड नोंदलेलं आहे. म्हणून त्या प्रश्नाकडे इथून बघणं जास्त उपयोगाचं.

आधी काय होतं

रॉबर्ट ग्रिसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन यांनी २००७ मध्ये गूगलमध्ये गोची आखणी सुरू केली, तेव्हा कंपायलर कशात लिहायचा यावर फार खल झाला नसावा. प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमचे सी कंपायलर थॉम्पसन यांनीच लिहिलेले होते आणि त्यांची सगळी साधनं हाताशी होती. त्यांवर गोचा कंपायलर उभा राहिला. नावंही तिथलीच आली: ६ म्हणजे एएमडी६४, ८ म्हणजे ३८६, ५ म्हणजे आर्म. त्यामुळे ६जी हा गो कंपायलर, ६ए असेंब्लर, ६एल लिंकर आणि ६सी चक्क एक सी कंपायलर, तोही गोच्या पेटीत. रनटाइमचा मोठा भाग सीमध्ये होता आणि तो जीसीसी या प्रचलित सी कंपायलरने नव्हे, या ६सीने कंपाइल व्हायचा. ६जी आणि ६सी स्वतः मात्र जीसीसीने बनायचे. व्याकरण यॅकच्या, म्हणजे व्याकरणावरून पार्सर (सोर्सची रचना ओळखणारा भाग) बनवणाऱ्या साधनाच्या, फाइलमध्ये होतं. इयान लान्स टेलर यांनी लिहिलेला जीसीसीगो हा दुसरा, स्वतंत्र कंपायलर होता. त्याचं फ्रंट एंड, म्हणजे सोर्स वाचणारा भाग, सी++ मध्ये. ही दुसरी शाखा पुढे एका वेगळ्याच कारणाने कामी येते.

म्हणजे गोच्या पोटात दोन सी कंपायलरांवर अवलंबून असलेली रचना होती. विंडोजवर गो सोर्समधून बांधायचं तर आधी मिनजीडब्ल्यू ही जीसीसीची विंडोज आवृत्ती टाकावी लागे. दुसऱ्या मशिनसाठी कंपाइल करायचं तर त्या प्रत्येक मशिनची साखळी वेगळी बांधावी लागे. रनटाइममधलं सी तर जास्तच जाचत होतं. गोचा गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी परत घेणारा भाग) अचूक करायचा, तर स्टॅकवरच्या, म्हणजे चालू फंक्शनांच्या मेमरीतल्या, कोणत्या शब्दात (मशिन-वर्डमध्ये) पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, आहे हे त्याला नेमकं कळायला हवं. गोच्या फंक्शनबद्दल ही माहिती कंपायलर देतो, सीच्या फंक्शनबद्दल देत नाही. वाढताना स्टॅक नव्या जागी हलवण्याची पद्धत १.३ मध्ये आली, आणि पॉइंटर कुठे आहेत हे माहीत नसलेला स्टॅक हलवताच येत नाही. म्हणून १.४ मध्ये आधी रनटाइमचा बहुतेक भाग गोमध्ये गेला आणि सुरुवातीचा स्टॅक ८ किलोबाइटवरून २ किलोबाइटवर आला. कंपायलरची पाळी त्यानंतरची.

थांबण्याचा फायदा

पहिल्या दिवसापासून गोचा कंपायलर गोमध्येच का लिहिला नाही, याचं उत्तर प्रकल्पाच्या प्रश्नोत्तरांत दिलेलं आहे. भाषा सर्व्हरसाठी होती. कंपायलर हाच तिचा पहिला मोठा प्रोग्रॅम झाला असता, तर भाषा कंपायलर लिहायला सोयीची होत गेली असती. हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा वजनदार आहे. ज्या भाषेचा पहिला गिऱ्हाईक तिचाच कंपायलर, त्या भाषेत कोडच्या रचनेची झाडं उलगडण्याच्या सोयी आधी येतात. नेटवर्क, एकाच वेळी चालणारी कामं, वेळमर्यादा या गोष्टी मागाहून.

दुसरं कारण निव्वळ व्यवहाराचं. भाषा रोज बदलत असताना तिच्यात लिहिलेला कंपायलरही रोज बदलावा लागतो. शिवाय कालच्या कंपायलरने आजचा सोर्स स्वीकारायला हवा, ही अट मानेवर बसते. मार्च २०१२ मध्ये गो १ आलं आणि जुना कोड पुढेही चालेल असं वचन दिलं गेलं. त्या वचनाआधी कंपायलर गोमध्ये नेला असता, तर प्रत्येक वाक्यरचनेच्या बदलाला दोनदा पैसे मोजावे लागले असते. डिसेंबर २०१३ मध्ये गोच्या चमूतल्या रस कॉक्स यांनी स्थलांतराचा आराखडा मांडला तेव्हा भाषा जवळपास दोन वर्षं स्थिर होती.

नव्याने लिहायचं नाही

आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असा होता, की कंपायलर नव्याने लिहायचा नाही, त्याचं यंत्राने भाषांतर करायचं. सी वाचून गो लिहिणारा एक खास प्रोग्रॅम तयार करायचा, तो फक्त या एका कोडबेससाठी चालला तरी पुरे. नंतर एके दिवशी सी काढून टाकायचं आणि त्या जागी निघालेलं गो ठेवायचं. साफसफाई, पॅकेजांत विभागणी, वेग, नवं फ्रंट एंड हे सगळं त्यानंतर.

हाताने नीट लिहिलेला कंपायलर दिसायला नक्कीच चांगला झाला असता. पण चालू कंपायलरमध्ये वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या मुरलेल्या असतात: अमुक मशिनवर शिफ्ट अशी करायची, तमुक स्थिरांक तिथे दुमडायचा नाही. यातलं पुष्कळसं कोणत्याही कागदावर नसतं. नव्याने लिहिणारा माणूस ते सगळं पुन्हा शोधतो, आणि दरम्यान जुन्या कंपायलरवरचं काम थांबत नाही, म्हणून दोन्हींतलं अंतर कधी मिटत नाही. भाषांतर करणारं यंत्र असलं की सीमध्ये आज झालेली दुरुस्ती उद्या यंत्र पुन्हा चालवून गोमध्ये येते. अखेरच्या दिवसापर्यंत काम अडत नाही.

तरी यंत्राला सगळं जमत नव्हतं, म्हणून आधी सीच थोडं माणसाळवावं लागलं. मॅक्रोंची फंक्शनं केली गेली. सीमध्ये खरं-खोटं (बूल) हे इंटच, म्हणजे पूर्णांकच, असतं. कोणते इंट खरोखर बूल आहेत हे यंत्राला वापर बघून ठरवावं लागे. कोणता पॉइंटर एकाच वस्तूकडे बघतो आणि कोणता ओळीने ठेवलेल्या वस्तूंकडे, म्हणजे गोमध्ये कुठे पॉइंटर राहील आणि कुठे स्लाइस (गोमधली वस्तूंची यादी) होईल, हेही तसंच. युनियन गोमध्ये नाहीत, त्यांची साधी स्ट्रक्ट झाली आणि एकमेकांच्या जागी बसणारी फील्डं शेजारी शेजारी आली.

गोटूचं, म्हणजे कोडमध्ये थेट दुसरीकडे उडी मारणाऱ्या विधानाचं, प्रकरण खास आहे. प्लॅन ९ धाटणीच्या सीमध्ये गोटू मुबलक. गोमध्ये गोटू आहे, पण व्हेरिएबलच्या घोषणेवरून उडी मारता येत नाही आणि बाहेरून ब्लॉकमध्ये शिरता येत नाही. सुरक्षित उपाय एकच: सगळ्या घोषणा फंक्शनच्या माथ्यावर. भाषांतर त्यामुळे बरोबर निघालं, पण गो म्हणून बेंगरूळ. त्यावर ग्राइंड नावाचं दुसरं साधन लिहिलं गेलं. ते घोषणा पहिल्या वापराजवळ सरकवतं, एकाच व्हेरिएबलचे असंबद्ध वापर वेगळे करतं आणि मेलेला कोड काढतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये भाषांतरित कंपायलर विकासशाखेत उतरला. काही काळ जुना ६जी आणि नवा ६जी शेजारी शेजारी होते. कसोटी एकच: दोघांची ऑब्जेक्ट फाइल बाइटनबाइट सारखी हवी. जुन्यात चूक असेल तर ती चूकही तशीच यायला हवी.

सगळ्या चाचण्या पास होण्यापेक्षा ही कसोटी फार कडक आहे. चाचण्या ठरावीक कोपरे तपासतात. पूर्ण स्टँडर्ड लायब्ररी दोन्ही कंपायलरांतून काढून आउटपुट ताडून पाहिलं, तर प्रत्येक फंक्शन ही चाचणी होते. या कामाची पद्धत आजही टूलस्टॅश या साधनात टिकून आहे. आधी चांगला कंपायलर बाजूला जतन करायचा, मग कोडची फेरमांडणी करायची, आणि टूलएक्झेक हा फ्लॅग देऊन प्रत्येक पॅकेज दोन्हींकडून काढून तुलना करायची. पहिला फरक दिसला की बिल्ड तिथेच थांबतं. अशा तुलनेत फरक कुठून येतात याचा अंदाज आधीच असलेला बरा: समान किल्ल्यांचा क्रम ठरवून न देणारं सॉर्टिंग, पत्त्यांवर अवलंबून असलेला क्रम, आणि गोमध्ये शिरल्यावर मॅपवरून फिरणं. गोमध्ये मॅपचा फिरण्याचा क्रम मुद्दाम दर वेळी वेगळा ठेवला आहे. कंपायलरमध्ये एखाद्याने निष्काळजीपणे मॅपवरून फिरत कोड ओकला, की त्याच सोर्सचं बायनरी दर वेळी वेगळं.

दहापट संथ

यंत्रातून निघालेला कंपायलर बरोबर होता आणि सुमारे दहापट संथ होता. पाइक यांनी २०१५ च्या भाषणात हा आकडा दिला. कारणं शिकण्यासारखी आहेत, कारण सीतून गोमध्ये कोड नेणाऱ्या कोणालाही हीच भेटतात.

सीमध्ये स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला तरी व्हेरिएबल स्टॅकवरच राहतं. गोमध्ये तो पत्ता फंक्शनबाहेर टिकणार नाही हे कंपायलरमधल्या एस्केप ॲनालिसिस या तपासणीला सिद्ध करता आलं तरच स्टॅक, नाहीतर हीप, म्हणजे गार्बेज कलेक्टरच्या ताब्यातली मेमरी. घोषणा माथ्यावर ओढल्यामुळे एकेक व्हेरिएबल फंक्शनभर जिवंत राहायचं आणि सिद्ध करणं आणखी अवघड व्हायचं. युनियनांची स्ट्रक्ट झाल्याने झाडाचा प्रत्येक नोड फुगला. जुना कंपायलर मेमरी घ्यायचा आणि क्वचितच परत करायचा, प्रक्रिया संपली की ऑपरेटिंग सिस्टिम सगळं आवरायची. थोड्या वेळात संपणाऱ्या प्रोग्रॅमला ही चैन परवडते. गोमध्ये तोच कोड गार्बेज कलेक्टरला कामाला लावतो. छापणारी फंक्शनं वेगळीच डोकेदुखी. सीचे कितीही आर्ग्युमेंट घेणारे प्रिंट गोमध्ये इंटरफेस घेतात आणि त्यात गुंडाळलेली किंमत बहुधा हीपवर जाते. केवळ डीबगसाठीच्या एका प्रिंट लायब्ररीतलं इंटरफेसचं आर्ग्युमेंट काढल्याने एकूण वेळात १५ टक्के बचत झाली.

दुरुस्तीचा मार्ग प्रोफायलिंगचा, म्हणजे वेळ नेमका कुठे जातो ते मोजण्याचा.  गोमध्ये आल्यावर पीप्रॉफ हे गोचं प्रोफायलर आयतंच मिळालं. एस्केप ॲनालिसिस सुधारलं, त्याचा फायदा सगळ्याच गो प्रोग्रॅमांना झाला. कंपायलरमधलं हाताने लिहिलेलं मोठ्या संख्यांचं गणित काढून तिथे स्टँडर्ड लायब्ररीतलं मॅथ/बिग बसवलं. प्रकाशनापर्यंत दहापटीची दुप्पट झाली.

उरलेली दुप्पट वापरणाऱ्यांच्या खांद्यावर टाकली गेली, आणि झटपट कंपाइल होणं हीच ज्या भाषेची मोठी ओळख, तिथे हे लोकांना टोचलं. माझ्या मते १.५ तसंच बाहेर काढणं तरीही बरोबर होतं. शाखा आणखी सहा महिने बाजूला ठेवली असती तर मुख्य शाखेपासून तिचं अंतर वाढलं असतं, आणि पुढचे मोठे बदल कोणी सुरूच केले नसते.

ते बदल असे आले. १.६ मध्ये यॅक गेला आणि हाताने लिहिलेला पार्सर आला. १.७ मध्ये एएमडी६४ साठी एसएसएवर (प्रत्येक व्हेरिएबलला एकदाच किंमत देणाऱ्या मांडणीवर) आधारलेलं नवं बॅक एंड, म्हणजे मशिन कोड काढणारा भाग, आलं. बेंचमार्क प्रोग्रॅमांचा सीपीयू वेळ ५ ते ३५ टक्क्यांनी घटला. ते बॅक एंड वापरून कंपायलरही कंपाइल होत असल्याने त्याचाही वेग वाढला. १.८ मध्ये ते सगळ्या मशिनांवर गेलं. १.९ मध्ये एकाच पॅकेजमधली फंक्शनं समांतर कंपाइल होऊ लागली. यासाठी चालू फंक्शन, चालू ओळ अशी सीच्या वळणाची ग्लोबल व्हेरिएबलं शोधून काढावी लागली, आणि शोधायला कंपायलरच रेस डिटेक्टर (समांतर कामांतली टक्कर पकडणारं साधन) लावून बांधता आला. सीमध्ये राहून हे अशक्य नव्हतं, पण मला वाटतं कोणी हात घातला नसता.

साफसफाई मात्र वाटलं त्यापेक्षा खूप लांबली. एका अवाढव्य पॅकेजची नीट विभागणी १.१७ मध्ये झाली. भाषांतरित टाइपचेकरच्या जागी लायब्ररीतल्या टाइपचेकरवरून घडवलेला नवा चेकर आला तो १.१८ मध्ये, मार्च २०२२ ला, तोही जेनेरिक्सने (एकच कोड अनेक टाइपांवर चालवण्याच्या सोयीने) भाग पाडलं म्हणून. यंत्राने भाषांतर केलेला कोड चालतो, आणि चालतो म्हणूनच वर्षानुवर्षं तसाच राहतो.

विरजण कुठून आणायचं

दही लावायला आधी दही लागतं, तसं १.५ बांधायला आधी गो लागतं. १.४ हे सीतून बांधता येणारं शेवटचं गो असल्याने तेच बूटस्ट्रॅप, म्हणजे सुरुवातीचं विरजण, ठरलं. गोरूट_बूटस्ट्रॅप हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्याचा पत्ता देतो.

आज मेक.बॅश ही गो बांधणारी स्क्रिप्ट चालवल्यावर जे घडतं ते थोडक्यात असं. बूटस्ट्रॅप गो वापरून आधी डिस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम बांधला जातो. डिस्ट नव्या सोर्समधला कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि त्यांना लागणारी काही पॅकेजं एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवतो. उतरवताना त्यांच्या इम्पोर्टच्या वाटा बदलतो, म्हणजे जुनी लायब्ररी आणि नवी नक्कल यांची गल्लत होत नाही. हे सगळं बूटस्ट्रॅप गोने कंपाइल केलं की टूलचेन (साधनांची साखळी) १. तिच्या मदतीने गो ही कमांड बांधली जाते. मग टूलचेन १ ने टूलचेन २, आणि २ ने टूलचेन ३. सगळी लायब्ररी आणि कमांडा ३ ने बांधल्या जातात.

तीनदा का? टूलचेन १ चा मेंदू नवा असला तरी तिचा मशिन कोड जुन्या कंपायलरने काढलेला असतो, म्हणून ती संथ असू शकते. टूलचेन २ चा मशिन कोड नव्या कंपायलरचा, पण तिच्यावर बिल्ड आयडीची जी खूण असते ती टूलचेन १ वरून आलेली. ३ मध्ये ही शेवटची सावलीही जाते. इथून पुढे कितीही वेळा बांधलं तरी तेच निघायला हवं.

बूटस्ट्रॅपची खरी किंमत कंपायलर लिहिणाऱ्यांना पडते: कंपायलरच्या सोर्समध्ये फक्त बूटस्ट्रॅप आवृत्तीत असलेलीच भाषा आणि लायब्ररी वापरता येते. १.५ मध्येच हे जाणवलं. स्थिरांकांसाठी मॅथ/बिगमधला फ्लोट हवा होता, पण तो १.५ मध्येच नव्याने आलेला, १.४ मध्ये नाही. मग पूर्ण पॅकेजची नक्कल कंपायलरच्या पोटात ठेवली. १.८ मध्ये आलेलं सॉर्टचं स्लाइस हे फंक्शन, १.१३ मध्ये आलेले दोन-आधारी अंक आणि चिन्हांकित संख्येने शिफ्ट करण्याची मुभा यांपैकी काहीही १.४ च्या पलीकडे जाईपर्यंत कंपायलर लिहिणाऱ्यांना सरळ वापरता येत नव्हतं. बाकी जग वापरत होतं.

सॉर्ट आणि हीपची पॅकेजं डिस्ट नव्या सोर्समधूनच उतरवतो, त्याचं कारण असंच बारीक आहे. समान वजनाच्या दोन गोष्टींचा क्रम अल्गोरिदमच्या अंमलबजावणीवर ठरतो. जुन्या लायब्ररीचं सॉर्ट वेगळं असेल, तर टूलचेन १ आणि टूलचेन २ एकाच सोर्समधून वेगळा कोड काढतील.

१.४ ला चिकटून राहणं आठ वर्षं चाललं. फेब्रुवारी २०२३ मध्ये १.२० ने १.१७ ची मागणी केली आणि १.२२ पासून नियमच ठरला: १.एन बांधायला एनमधून दोन वजा करून जी सम संख्या येते (विषम आली तर तिच्याआधीची सम), ती आवृत्ती हवी. १.२२ ला १.२०, १.२४ ला १.२२. यातला एक विनोद असा, की जेनेरिक्स १.१८ मध्ये आले, पण ते राबवणाऱ्या कंपायलरला स्वतःच्या कोडमध्ये ते वापरता आले १.२२ पासून.

सीपासून सुरुवात करायचीच असेल तर साखळी १.४, १.१७, १.२०, १.२२, १.२४ अशी. पहिलीच पायरी त्रास देते. १.४ चं सी कंपाइल करताना सूचनांनाच चुका मानणारा फ्लॅग लावलेला असतो, आणि नवे जीसीसी अशा सूचना देतात ज्या तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या. तो फ्लॅग काढावा लागतो. १.४ च्या लिंकरला नव्या बिनयुटिल्सचे (सीच्या असेंब्लर-लिंकरच्या संचाचे) काही रिलोकेशन (पत्ते जोडण्याचे) प्रकार माहीत नाहीत, म्हणून सीगो बंद करून, म्हणजे सीगो_एनेबल्डला शून्य देऊन बांधायचं. आणि रिस्क-५ सारख्या ज्या मशिनसाठी १.४ कधी नव्हतंच, तिथे दुसऱ्या मशिनवर बूटस्ट्रॅप.बॅश चालवून तयार साखळी उचलून न्यावी लागते.

देवनागरीचा एक प्रयोग

हे चक्र हाताने अनुभवायचं असेल तर मराठी वाचकाला एक सोयीचं उदाहरण आहे. गोमध्ये नावासाठी युनिकोडमधली अक्षरं आणि अंक चालतात. त्यामुळे ‘कमल’ हे व्हेरिएबलचं नाव चालतं आणि ‘किंमत’ चालत नाही: वेलांटी आणि अनुस्वार ही युनिकोडच्या लेखी अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. कंपायलर चुकीचं कॅरेक्टर म्हणून वेलांटीवरच बोट ठेवतो.

कंपायलरच्या सिंटॅक्स पॅकेजमध्ये स्कॅनरची फाइल उघडा. नावातलं पुढचं कॅरेक्टर चालेल का हे ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये अक्षर किंवा अंडरस्कोअर, आणि अंक, एवढ्याच फांद्या आहेत. पहिलं कॅरेक्टर नसेल तर एमएन आणि एमसी हे जोडचिन्हांचे युनिकोड वर्गही चालतील अशी एक फांदी वाढवा आणि मेक.बॅश चालवा. ‘किंमत’ असलेला प्रोग्रॅम आता कंपाइल होईल. पण त्याच प्रोग्रॅमवर गोएफएमटी हे कोडची मांडणी नीट करणारं साधन चालवलं तर ते अडखळेल, कारण ते गो/स्कॅनर हे लायब्ररीतलं वेगळं स्कॅनर वापरतं. एका भाषेची दोन स्कॅनरं हा सीच्या काळातून आलेला वारसा आहे. कंपायलर गोमध्ये गेला तरी ती एक झालेली नाहीत. दुसरीकडेही तोच बदल करा.

आता खुद्द कंपायलरच्या सोर्समध्ये एका व्हेरिएबलला ‘किंमत’ म्हणा आणि पुन्हा मेक.बॅश चालवा. टूलचेन १ वरच बिल्ड पडेल, कारण तो सोर्स वाचणारा बूटस्ट्रॅप गो जुना आहे. नुकतं बांधलेलं गो कुठेतरी उचलून ठेवलं आणि गोरूट_बूटस्ट्रॅप त्याच्याकडे वळवलं की बिल्ड होतं, पण त्या क्षणापासून तो सोर्स जगातल्या इतर कोणालाही बांधता येत नाही. कोणत्याही नव्या सोयीचं स्वतःच्या कंपायलरमध्ये आगमन असंच होतं: आधी राबवायची, मग ती असलेली आवृत्ती बूटस्ट्रॅप होईपर्यंत थांबायचं.

असे प्रयोग करताना मेक.बॅशऐवजी नुसता कंपायलर इन्स्टॉल करण्याचा मोह होतो, वेळ वाचतो. पण बिघडलेला कंपायलर इन्स्टॉल झाला की पुढची दुरुस्ती कंपाइल करायला चांगला कंपायलर उरत नाही. आधी टूलस्टॅशने जतन करा, बिघडलं तर त्यातून परत आणा.

आणि बिघाड फार फसवा असू शकतो. नव्या ऑप्टिमायझेशनमध्ये चूक असेल तर टूलचेन १ व्यवस्थित चालते, कारण तिचा मशिन कोड जुन्याने काढलाय. टूलचेन २ चुकीची बनते, आणि चूक दिसते टूलचेन ३ बांधताना किंवा लायब्ररीच्या एखाद्या भलत्याच पॅकेजमध्ये. अशा वेळी फंक्शनच्या नावाच्या हॅशवरून निम्म्या फंक्शनांना नवं ऑप्टिमायझेशन लावायचं, निम्म्यांना नाही, आणि निम्मं निम्मं करत दोषी फंक्शन गाठायचं. एसएसए बॅक एंड बसवताना हीच युक्ती वापरली गेली. आता त्यासाठी बायसेक्ट हे साधन आहे.

भरवशाचं काय

बिल्ड आयडीची खूण सोडून टूलचेन २ आणि ३ सारखी निघाली म्हणजे कंपायलर स्थिर आहे. तो प्रामाणिक आहे हे त्यावरून कळत नाही. थॉम्पसन यांनीच १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्कार भाषणात दाखवलं होतं, की कंपायलरच्या बायनरीत लपवलेली खोडी नव्या कंपायलरच्या बायनरीत स्वतःला पुन्हा रुजवू शकते आणि सोर्समध्ये तिचा मागमूस राहत नाही. असा कंपायलर स्वतःला कितीही वेळा बांधो, दर वेळी तेच निघेल. गोच्या तीन निर्मात्यांपैकी एक तेच थॉम्पसन, त्यामुळे १.५ च्या निर्णयावर हा आक्षेप अर्थातच घेतला गेला.

उतारा डेव्हिड व्हीलर यांनी मांडलेल्या दुहेरी कंपायलेशनचा आहे: असंबंधित अशा दुसऱ्या कंपायलरने तोच सोर्स बांधायचा, निघालेल्याने तो पुन्हा बांधायचा, आणि शेवटची बायनरी बाइटनबाइट ताडायची. यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, दुसरा कंपायलर. जीसीसीगो इथे उपयोगी पडतो, आणि त्यासाठी दुसऱ्या अंमलबजावणीचा खर्च वसूल झाला असं मी मानतो. दुसरी, बिल्ड पूर्ण पुनरुत्पादनीय असणं, म्हणजे त्याच सोर्समधून दर वेळी तेच बायनरी निघण्याची खात्री. ती सहजासहजी आली नाही. फोल्डरची वाट बायनरीत शिरते, यजमान मशिनवरचं जीसीसी सीगोच्या मार्गाने शिरतं, बूटस्ट्रॅपची आवृत्ती बिल्ड आयडीतून शिरते. हे सगळे दरवाजे बंद होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये १.२१ पासून कोणत्याही मशिनवर, कोणत्याही चालणाऱ्या बूटस्ट्रॅपने बांधलेली टूलचेन एकच निघू लागली. गोरिबिल्ड नावाचा प्रोग्रॅम प्रकाशित फाइली सोर्समधून पुन्हा बांधून तपासतो आणि तो कोणालाही चालवता येतो. १.५ ते १.२१ ही आठ वर्षं मात्र हा भरवसा १.४ च्या सी सोर्सवर आणि हाताने बांधण्याची तयारी असणाऱ्यांवर टेकलेला होता.

उलट दिशेचं उदाहरण

जावास्क्रिप्टला टाइप जोडणाऱ्या टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर टाइपस्क्रिप्टमध्येच होता आणि भाषा वाढवायला त्याची मोठी मदत झाली. मार्च २०२५ मध्ये तिचे मुख्य रचनाकार ॲन्डर्स हायल्सबर्ग यांनी तो गोमध्ये नेत असल्याचं जाहीर केलं. व्हीएस कोड या एडिटरच्या सुमारे १५ लाख ओळी तपासायला ७७.८ सेकंद लागत, नव्याला ७.५. वेगाचा एक वाटा नेटिव्ह मशिन कोडचा, दुसरा समांतर कामाचा. जावास्क्रिप्टच्या इंजिनात धाग्यांमध्ये झाडांसारख्या वस्तू वाटून घेता येत नाहीत, गोमध्ये येतात. त्यांनीही नव्याने लिहिण्याऐवजी फंक्शनाला फंक्शन असं पोर्टिंग निवडलं, जुन्याशी वागणूक जुळावी म्हणून. गो निवडण्याचं एक कारण तेच होतं: जुन्या कोडची घडण जवळपास तशीच गोमध्ये उतरते.

दोन्ही प्रकल्पांनी एकच हिशेब केला आणि उत्तरं उलट आली. कंपायलर हा भरपूर छोट्या वस्तू निर्माण करणारा, झाडं-आलेख तुडवणारा, सगळे कोअर वापरू शकणारा प्रोग्रॅम आहे. गोला हे काम जमतं, म्हणून सी सोडून स्वतःत येण्यात गोचा फायदा होता. जावास्क्रिप्टच्या इंजिनावर ते एका मर्यादेपलीकडे जमत नाही, म्हणून टाइपस्क्रिप्टला स्वतःतून बाहेर पडण्यात. बाहेर पडताना टाइपस्क्रिप्टच्या चमूने रोज स्वतःची भाषा मोठ्या प्रोग्रॅमवर चालवून बघण्याची सोय गमावली. बाहेरच्यांच्या हातभारावरही याचा परिणाम होतो, कारण टाइपस्क्रिप्ट वापरणाऱ्या प्रत्येकाला गो येत नसतं. १.५ ने गोला नेमकी तीच सोय मिळवून दिली होती: गो येणाऱ्या कोणालाही गोचा कंपायलर वाचता येऊ लागला.